कादंबरी, सिनेमा आणि आमची रविवारची बैठक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात आम्ही काही मित्रमैत्रिणी महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. एक कादंबरी आणि तिच्यावरून निघालेला सिनेमा किंवा मालिका समोर ठेवतो आणि संध्याकाळपर्यंत वाद घालतो. नवं कुणी यायचं म्हटलं की फोनवर तेच ते प्रश्न येतात. एकदाच लिहून टाकलं की पुढच्यांना पाठवता येईल, म्हणून हे.

हे वाचक मंडळ आहे की फिल्म क्लब?

दोन्ही नाही. नाव नाही, वर्गणी नाही, अध्यक्ष तर नाहीच. निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, बँकेतले दोघे आहेत, जत्रेच्या नाटकांत हमखास भूमिका करणारे एक गृहस्थ आहेत, फार्मसीचा अभ्यास करणारी मुलगी आहे. डिचोलीहून आणि मडगावहून येणारेही आहेत. व्याख्यान कुणी देत नाही. दिलंच, तर पाच मिनिटांत कुणीतरी मध्ये तोंड घालतंच.

आधी पुस्तक वाचायचं की आधी सिनेमा पाहायचा?

सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. आमच्याकडे नियम नाही, पण माझं मत आहे. कादंबरी चांगली असेल तर आधी सिनेमा पाहिल्यानं तिचं काही बिघडत नाही. फक्त चेहरे आयते मिळतात. ‘सिंहासन’मधला अरुण साधूंचा वार्ताहर दिगू टिपणीस आता निळू फुल्यांचा चेहरा घेतल्याशिवाय माझ्या डोळ्यांपुढे येतच नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही.

उलट बाजूही आहे. ज्यांनी पुस्तक आधी वाचलंय ते सिनेमा पाहताना अर्धा वेळ हिशेब तपासत बसतात: हे घेतलं, ते वगळलं, ही बाई इतकी गोरी नव्हती. म्हणून कधीकधी आम्ही मुद्दाम उलटं करतो. निम्म्यांनी पुस्तक वाचून यायचं, निम्म्यांनी सिनेमा पाहून, आणि पहिला अर्धा तास एकमेकांना गोष्ट सांगायची. एकच गोष्ट सांगतोय असं वाटत असताना दोन वेगळ्या गोष्टी बाहेर पडतात. त्या फरकावरच मग बैठक चालते.

‘पुस्तकात होतं ते सिनेमात नाही’ असं म्हटलेलं चालतं ना?

चालतं, पण तेवढ्यावर थांबलेलं चालत नाही. तीनशे पानं दोन तासांत बसवायची तर वगळावं लागणारच, ही तक्रार प्रत्येक सिनेमाबद्दल करता येते आणि म्हणूनच ती फुकाची. आम्ही दर वेळी एकच प्रश्न विचारतो : कादंबरीत ही गोष्ट *सांगतंय कोण*, आणि पडद्यावर त्याचं काय झालं?

कॅमेऱ्याला ‘मी’ म्हणता येत नाही. कादंबरीतला ‘मी’ खोटं बोलतो, लपवतो, स्वतःची समजूत काढतो, मध्येच वाचकाला चिमटा घेतो. हे सगळं करणारा माणूस काढून घेतला की उरतो तो नुसता घटनाक्रम. चांगला दिग्दर्शक त्या माणसाच्या जागी दुसरं काहीतरी आणून ठेवतो, आणि वाईट दिग्दर्शकाला जागा रिकामी झाल्याचंच कळलेलं नसतं. माझ्या लेखी रूपांतराची परीक्षा एवढीच.

जरा उदाहरण देऊन सांगाल का?

‘गाइड’ घ्या. आर. के. नारायण यांची कादंबरी १९५८ची, विजय आनंद यांचा सिनेमा १९६५चा. सिनेमा सगळ्यांनी पाहिलेला, कादंबरी फार थोड्यांनी वाचलेली, त्यामुळे बैठकीला हा माल उत्तम.

कादंबरीत राजूची गोष्ट दोन तोंडांनी येते. तुरुंगातून सुटून देवळात येऊन बसलेला, लोकांनी साधू ठरवलेला राजू लेखक बाहेरून दाखवतो. रोझीचं प्रकरण, पैसा, खोटी सही हे सगळं मात्र राजू स्वतः सांगतो, आणि कुणाला, तर त्याला साधू मानणाऱ्या वेलन नावाच्या गावकऱ्याला. म्हणजे हा कबुलीजबाब आहे. मी साधू नाही रे बाबा, हे पटवण्यासाठी तो सगळं ओकतो. ऐकून घेऊन वेलन त्याला स्वामीच म्हणत राहतो. नारायण यांचा मिस्कीलपणा तिथं आहे. शेवटी उपासानं खंगलेला राजू पाण्यात उभा राहतो, डोंगरात पाऊस पडतोय असं म्हणतो आणि खाली वाकतो. पाऊस खरंच आला का, राजू गेला का, लेखक सांगत नाही.

सिनेमात पाऊस धो धो पडतो, राजू मरतो आणि मरताना आत्म्याच्या गोष्टी करतो. खोटा साधू खरा होतो. नारायण यांना हे रूपांतर रुचलं नाही आणि त्यांनी त्यावर लेखच लिहिला. त्यांचं मालगुडी हे काल्पनिक लहानसं गाव, आणि पडद्यावर आलं उदयपूरचं वैभव.

आता लेखक नाराज झाला म्हणजे सिनेमा वाईट का? आमच्यात यावर उघड दोन तट आहेत. माझं म्हणणं असं की विजय आनंदनं सांगणारा काढला, पण त्याची जागा रिकामी ठेवली नाही. तिथं त्यानं गाणी ठेवली. पुस्तकात रोझी आपल्याला कळते ती राजूच्या तोंडून, म्हणजे त्याच्या लोभातून गाळून. सिनेमात ती नाचते आणि गाते तेव्हा राजूची मध्यस्थी संपते. वहीदा रेहमानची रोझी पुस्तकातल्या रोझीपेक्षा मोठी आहे, असं मी म्हणतो. मुख्याध्यापिका बाईंना हे अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते शेवटचा पाऊस पाडून सगळं पाण्यात घातलं.

मराठीत असं कुठं झालंय?

भरपूर. मराठी सिनेमा कादंबरीकडे वळला तेव्हा त्यानं बऱ्याचदा नीट विचार करून पाऊल टाकलंय.

‘सिंहासन’ (१९७९) आम्ही दोनदा घेतला. जब्बार पटेल आणि पटकथाकार विजय तेंडुलकर यांनी अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र केल्या. दोन पुस्तकांतली एवढी माणसं, मंत्री, स्मगलर, कामगार पुढारी, एका धाग्यात ओवायची तर कुणीतरी सगळीकडे फिरणारा हवा. तो धागा म्हणजे वार्ताहर दिगू. आम्ही एक खेळ करतो : सिनेमातला एखादा प्रसंग आवाज बंद करून लावायचा. ‘सिंहासन’ असा पाहिला तेव्हा सगळ्यांचं लक्ष एकाच गोष्टीकडे गेलं. बोलतात ते दुसरेच. अरुण सरनाईकांचा मुख्यमंत्री बोलतो, लागूंचे अर्थमंत्री दाभाडे बोलतात, आणि दिगू ऐकतो. फुल्यांनी पापणी जड ठेवलीय, मान किंचित तिरकी. ऐकण्याचाच अभिनय आहे तो. हा माणूस पुढं लिहिणार काय आणि गिळणार काय, हे त्या चेहऱ्यावर चाललेलं असतं. सांगणारा असा ऐकणारा करून टाकला, आणि शेवटी त्याचं डोकं फिरतं ते त्यामुळेच पटतं.

‘जैत रे जैत’ (१९७७) त्याच दिग्दर्शकाचा, मूळ गोनीदांची कादंबरी. इथं सांगणाऱ्याची जागा ठाकरांच्या गाण्यांनी घेतली. महानोरांचे शब्द, हृदयनाथांचं संगीत. गोनीदांच्या गद्याला आधीच लय आहे, तेव्हा हे सुचणं साहजिक. तरी करून दाखवणं सोपं नव्हतं. नाग्या आणि चिंधीची गोष्ट आख्खी जमात मिळून सांगते असं वाटतं.

‘बनगरवाडी’ मी फार प्रेमानं वाचतो, म्हणून सिनेमाबद्दल माझं मत थोडं वाकडं आहे, आधीच सांगून ठेवतो. व्यंकटेश माडगूळकरांचं पुस्तक १९५५चं, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५चा, बरोब्बर चाळीस वर्षांनी. त्या बैठकीत जत्रेच्या नाटकातल्या गृहस्थांनी मास्तर वाडीकडे निघतो ते सुरुवातीचं पान मोठ्यानं वाचलं. एरवी ते आवाज चढवून बोलणारे. इथं चढवायला जागाच मिळेना. माडगूळकरांचं वाक्य कुठं फुगत नाही, विशेषणावर हात आखडलेला. त्यांनी दुसऱ्या परिच्छेदातच आवाज उतरवला. मग लगेच सिनेमाची सुरुवात लावली. माळरान दिसलं, पोरगेला मास्तर दिसला, सगळं नीटनेटकं, प्रामाणिक. पण पुस्तकातला मास्तर वाडीकडे बघताना स्वतःकडेही बघत असतो, आणि ते दुसरं बघणं पडद्यावर मला सापडलं नाही. बँकेतल्या मित्राचं म्हणणं, चंद्रकांत मांडरेंचा कारभारी पाहिला की सगळे पैसे वसूल. तेही खरंच.

‘शाळा’बद्दल थोडक्यात. मिलिंद बोकिलांचा मुकुंद जोशी आणीबाणीतला नववीतला मुलगा, आणि पुस्तकाचा जीव त्याच्या डोक्यात अखंड चालणाऱ्या बडबडीत आहे. सुजय डहाकेंच्या सिनेमात मुलांची कामं सुरेख आहेत. मुकुंद मात्र पडद्यावर जरा गंभीर झालाय. पुस्तक वाचताना मी हसलो होतो, सिनेमा पाहताना हळवा झालो.

‘श्यामची आई’ पुन्हा कशाला? सगळ्यांनी वाचलंय की.

वाचलंय असं सगळ्यांना वाटतं. पाठ्यपुस्तकातले दोन धडे आणि रडणारी मामी एवढंच बहुतेकांना आठवतं. साने गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात १९३३मध्ये लिहिलं, १९३५मध्ये ते छापलं गेलं. पुस्तक बेचाळीस रात्रींत विभागलेलं आहे. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणजे इथंही सांगणारा आहे, आणि त्याच्यासमोर ऐकणारे बसलेत. आई कशी होती यापेक्षा हा मुलगा तिला कसा आठवतो, याचं ते पुस्तक आहे.

आचार्य अत्र्यांचा १९५३चा सिनेमा राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक घेऊन गेला. वनमालाबाईंची आई आणि छोटा माधव वझे आजही पाहावेत. गंमत म्हणजे तो काढणारा माणूस ‘साष्टांग नमस्कार’सारखी नाटकं लिहिणारा, हशा पिकवणारा. २०२३च्या कृष्णधवल सिनेमात गुरुजी स्वतः पात्र म्हणून येतात, ओम भूतकर ते काम करतात. सांगणाऱ्याला पडद्यावर आणून बसवण्याचा हा सरळ मार्ग. दोन्ही सिनेमे एकाच दिवशी पाहू नका, इतकंच सुचवतो. रुमाल पुरत नाहीत.

‘तुंबाड’ पाहिला, म्हणजे ‘तुंबाडचे खोत’ वाचायची गरज नाही ना?

हा प्रश्न खरंच येतो. श्री. ना. पेंडशांची दोन खंडांची कादंबरी हा एका खोत घराण्याच्या पिढ्यांचा इतिहास आहे. २०१८च्या सिनेमानं तिथून घेतलं ते नाव. भीतीचं बीज नारायण धारपांच्या कथेतलं. सिनेमातला राक्षस हस्तर पेंडशांच्यात शोधायला जाऊ नका.

गोव्याचं काही घेता की नुसतं पुण्या-मुंबईचं?

आमच्या बैठकीतला सर्वांत भरलेला कप्पा हाच. आणि सुरुवात होते जयवंत दळवींपासून, कारण ते जन्मानं हडफड्याचे. आपण त्यांना आरवलीचे म्हणून ओळखतो, तेही बरोबर, पण जन्म इथला. बार्देशातून येणारा आमचा मित्र ही गोष्ट दर बैठकीत एकदा तरी सांगतो.

दळवी हा रूपांतरांच्या दृष्टीनं फारच फळलेला लेखक. ‘चक्र’ या झोपडपट्टीवरच्या कादंबरीवर रवींद्र धर्मराज यांनी १९८१मध्ये हिंदी सिनेमा काढला, त्याला लोकार्नोच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार. दळवींच्या लिहिण्यात एक कोरडा, हातचं न राखणारा सूर आहे. ते दया दाखवत नाहीत. सिनेमातही ती कोरडी नजर बरीचशी टिकलीय, नासिरुद्दीनच्या लुक्काच्या कामात विशेष.

मग ‘महानंदा’. भाविणीच्या, म्हणजे देवाच्या सेवेला वाहिलेल्या बाईच्या, मुलीची गोष्ट. इथल्या माणसाला ही कादंबरी नुसती वाचता येत नाही, कारण देवळाचं आवार, पालखी, सभामंडप हे सगळं आपल्या रोजच्या वाटेवरचं. फोंडा तालुक्यात तर पावलागणिक देऊळ. ‘महानंदा’वरून शं. ना. नवऱ्यांनी ‘गुंतता हृदय हे’ नाटक केलं, आणि सिनेमाही निघाला. त्या सिनेमातलं मंगेशावरचं गाणं आशाबाईंच्या आवाजात गोव्यातल्या प्रत्येक लग्नमंडपात वाजतं. ते भाविणीच्या गोष्टीतलं आहे हे किती जणांना ठाऊक असतं? आमच्या बैठकीत एकानं ते सांगितलं तेव्हा दोन-तीन जणांनी लगेच फोन काढून खात्री केली. गाणं गोष्टीपासून सुटलं आणि देवाचं झालं. रूपांतराचा असाही एक शेवट असतो.

‘महानंदा’सोबत आम्ही बा. भ. बोरकरांची ‘भावीण’ वाचली. बाकीबाब कवी म्हणून एवढे मोठे, की त्यांनी कादंबऱ्या लिहिल्यात हे झाकूनच गेलं. आणि तिसरं म्हणून ‘जोगवा’ (२००९) पाहिला, जो राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’वरून घेतलेला. सीमेपलीकडची यल्लम्मा आणि आमच्याकडची भाविणीची प्रथा, देवाच्या नावानं माणूस वापरण्याच्या या दोन तऱ्हा. त्या दिवशी सिनेमाच्या तंत्रावर कुणी बोललंच नाही. बैठक रात्रीपर्यंत लांबली, घरच्या आठवणी निघाल्या. त्या इथं लिहिणार नाही.

शेजारचेच चिं. त्र्यं. खानोलकर, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राईचे. त्यांच्या ‘कोंडुरा’वर श्याम बेनेगलांनी १९७८मध्ये हिंदी आणि तेलुगूत सिनेमा केला आणि गोष्ट उचलून आंध्रात नेली. अनंत नाग, स्मिता पाटील, सगळं चोख. पण खानोलकरांच्या गद्यातला गूढ, ओलसर अंधार तिथल्या उन्हात वाळून गेला, असं आमच्यातल्या बहुतेकांना वाटलं. एकटी फार्मसीवाली मुलगी म्हणाली, उन्हातच ते जास्त भीतीदायक वाटलं. तिच्या या वाक्यावर मी अजून विचार करतोय.

मग कोकणी सिनेमाचं काय? कोकणीत बोललं तर चालतं?

बोला की. निम्मी बैठक कोकणीतच होते. पुस्तक मराठी, भांडण कोकणी.

कोकणी सिनेमाची सुरुवातच रूपांतरानं झालीय. २४ एप्रिल १९५०ला प्रदर्शित झालेला पहिला कोकणी सिनेमा ‘मोगाचो आंवडो’, म्हापशाच्या जेरी ब्रागांझांचा, तो एका कोकणी कादंबरीवरून घेतलेला. आणि अलीकडचं म्हणाल तर लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा ‘पल्तडचो मनीस’ (२००९). मूळ महाबळेश्वर सैलांची ‘अदृष्ट’. रानात एकटा राहणारा वनरक्षक एका वेड्या बाईला आसरा देतो आणि गाव त्याच्यावर उठतं. टोरोंटोला समीक्षकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा पुरस्कार मिळाला. सैल माणसाच्या आत शिरून लिहितात. सिनेमानं आत शिरण्याचा आव आणला नाही, रानाचे आवाज ऐकवले आणि माणसाला गप्प ठेवलं. माझ्या मते गोव्यात झालेलं हे सर्वांत जाणतं रूपांतर. सैलांची मराठी ‘तांडव’ आमच्या यादीत आहे, पण तिच्यावर सिनेमा काढायला कुणाच्या खिशात बळ आहे कुणास ठाऊक.

परदेशी क्लासिक घेता का?

घेतो, मराठी अनुवाद असेल तर सगळे वाचतात, नसेल तर ज्याला जमेल तो वाचून सांगतो. पोर्तुगीज येणारे एक आजोबा आमच्याकडे आहेत, मुक्तीपूर्वी लिसेवमध्ये, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक शाळेत, शिकलेले. त्यांच्यामुळे एसा द केइरोशची ‘ओ क्रिमि दु पाद्रे आमारो’ घेतली. कादंबरी १८७५ची, पोर्तुगालमधल्या लहान शहरातल्या पाद्रीची. तिच्यावरचा गाजलेला सिनेमा २००२चा, आणि तो मेक्सिकोचा. शंभराहून अधिक वर्षं आणि एक महासागर ओलांडून गोष्ट जशीच्या तशी बसली. केइरोशचा उपरोध मात्र वाटेत थोडा सांडला. आजोबा मधली मधली वाक्यं मुळातून म्हणून दाखवत होते. आम्हाला कळत नव्हती, पण ते वाचताना गालातल्या गालात हसत होते, त्यावरून अंदाज येत होता.

जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ही झाली. तिच्यावरून निघालेल्या २००४च्या ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये अमृतसरची मंडळी गोव्याला येतात. गोवा म्हणजे पुन्हा तोच समुद्रकिनारा. पुढे चला.

वेब सिरीज धरता का? तिथं तर काही वगळावं लागत नाही.

धरतो. पण वेळ भरपूर मिळाला म्हणजे रूपांतर आपोआप चांगलं होतं, हा भ्रम आहे. ‘सेक्रेड गेम्स’ घ्या. विक्रम चंद्रांची कादंबरी (२००६) नऊशे पानांची. त्यात पोलीस अधिकारी सरताजची बाजू लेखक सांगतो आणि गुंड गायतोंडे स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो. मालिकेच्या पहिल्या सीझनला (२०१८) गायतोंडेचा तो आवाज नेमका सापडला. नवाजुद्दीन बोलायला लागतो आणि आपण बसल्या जागी खिळतो. दुसऱ्या सीझनमध्ये तोच आवाज आहे, पण सांगण्यासारखं कमी उरलंय. वगळावं लागण्याचाही फायदा असतो.

ज्या कादंबरीवर सिनेमा होणं अवघड, तिच्यावर बोलता का?

हो, वर्षाकाठी एक तरी. ‘कोसला’वर बोललो. नेमाडे काही वर्षं गोवा विद्यापीठात इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे त्यांना जवळून पाहिलेलं कुणी ना कुणी भेटतंच. पांडुरंग सांगवीकर सगळी कादंबरी बोलतच असतो. त्याचं बोलणं काढून घेतलं तर हातात काय राहतं, यावर प्रत्येकानं आपापला पहिला प्रसंग रचून आणायचा होता. एकानं काळा पडदा आणि नुसता आवाज सुचवला. बाकीचे म्हणाले, मग नभोवाणीवरच लाव की.

भांडणं होतात का?

होतात. सर्वांत मोठं ‘दुनियादारी’वरून झालं. सुहास शिरवळकरांच्या वाचकांपुढे २०१३च्या सिनेमाचं कौतुक करताना जरा बेतानं. ‘चंद्रमुखी’वरूनही झालं, पण ते पुस्तक न वाचलेल्यांनी केलं, त्यामुळे लवकर मिटलं.

पुस्तक पूर्ण वाचून झालं नाही तर? ऑडिओबुक ऐकलं तर?

या. ऐकलेलं चालतं. फक्त शेवट फुटला म्हणून रुसायचं नाही.

मराठी पुस्तकं इथं मिळतात कुठं?

पणजीला पाटोवर कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. स्थापना १८३२ची, देशातल्या जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत त्याची गणना होते. मराठीचा विभाग चांगला आहे, सदस्य व्हा. तालुक्याच्या आणि गावातल्या वाचनालयांत जुन्या कादंबऱ्या अनपेक्षितपणे सापडतात, दळवी आणि पेंडसे तर हमखास. एकच प्रत असेल तर ती बैठकीतल्या लोकांत फिरते. पानाचा कोपरा दुमडणाऱ्याला पुढची प्रत मिळत नाही, हा मात्र आमचा एकमेव कडक नियम.

सिनेमा दाखवायला परवानगी लागते का?

कुणाच्या घरी चार मित्र बसून पाहतात ती गोष्ट वेगळी आणि सभागृहात लोकांना बोलावून दाखवणं वेगळं. दुसऱ्यासाठी हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची परवानगी घ्यावीच लागते, तिकीट असो वा नसो. ओटीटीचं सदस्यत्व घरगुती वापरासाठीच असतं. आपल्याकडे पुस्तकाचा कॉपीराइट लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं आणि सिनेमाचा प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतो. त्यामुळे १९५०मध्ये गेलेल्या साने गुरुजींचं पुस्तक आणि १९५३चा सिनेमा दोन्ही आता मुक्त आहेत. शाळेत कार्यक्रम करायचा असेल तर तिथून सुरुवात करा.

मुलांना आणू का?

विषय पाहून. ‘चक्र’ला नको. ‘फास्टर फेणे’ला जरूर. भा. रा. भागवतांचा शाळकरी बनेश २०१७च्या सिनेमात मेडिकलची प्रवेश परीक्षा द्यायला पुण्याला येतो, आणि स्वतः भा. रा. भागवत तिथं भेटतात, प्रभावळकरांच्या रूपात. लेखकाला गोष्टीतच घरमालकासारखा नेऊन बसवलाय. मुलांना ते आवडलं, मोठ्यांनी उगाच नाकं मुरडली.

नोव्हेंबरात बैठक असते का?

नसते. २००४पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आहे आणि ते नऊ दिवस आमच्यातले अर्धे पणजीत रांगेत उभे असतात. परत आल्यावर जे सांगतात ते ऐकण्यासाठी डिसेंबरची बैठक राखून ठेवतो. त्यात पुस्तक नसलं तरी चालतं.

खाण्यापिण्याचं काय?

ज्याच्या घरी बैठक त्यानं चहा करायचा. बाकीच्यांनी येताना उंडे, पातळ भाजी, मिरची भजी आणायची. तेलकट हातानं पुस्तकाला हात लावायचा नाही.

पुढची बैठक कशावर आहे?

पुन्हा दळवी, पण या वेळी तीन पायऱ्या. ‘अंधाराच्या पारंब्या’ ही कादंबरी, तिच्यावरून त्यांनीच लिहिलेलं ‘बॅरिस्टर’ हे नाटक, आणि त्यावरून विजया मेहतांनी १९८६मध्ये केलेला हिंदी सिनेमा ‘रावसाहेब’. नाटकात विक्रम गोखले, सिनेमात अनुपम खेर. विधवेच्या केशवपनाचा प्रसंग तिन्ही ठिकाणी ताडून पाहायचा आहे : कोण बघतंय, कुठून बघतंय आणि कुणाचा आवाज आधी फुटतो. नाटकाची संहिता आमच्याकडे आहे, सिनेमाची बरी प्रत एकाकडे आहे. कादंबरी कमी पडतेय. कुणाच्या घरी माळ्यावर जुनी प्रत असेल तर घेऊन या, पावसात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून.